बांधून ठेवलेलं फाटक

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी फाटक आहे. जुनं म्हणजे फार नाही, सात वर्षांचं. पण मला गंज लवकर चढला, म्हणून बघणारा मला म्हातारंच समजतो. किल्ल्याचं किंवा देवळाचं फाटक असतं तर मी तुम्हाला लढाया सांगितल्या असत्या, जत्रा सांगितल्या असत्या. माझ्याकडे तसलं काही नाही. मी राज्याच्या सीमेपलीकडे, हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरात, गोंदिया रस्त्याकडच्या एका घरामागे, पोहण्याच्या हौदाभोवतीच्या जाळीत बसवलेलं साडेचार फुटी फाटक होतं. मला एकच काम येत होतं. कुणी मला उघडून आत गेलं की त्याच्या मागे मी आपोआप बंद व्हायचं. एवढ्या एका कामासाठी माझा जन्म झाला, आणि तेच काम एका दुपारी माझ्या हातून झालं नाही. ते कसं झालं नाही, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

घर तेजरामभाऊंचं. त्यांची राइस मिल आहे. माणूस सढळ हाताचा, पण घाईचा. हौद बांधायचं ठरवलं तेव्हा त्यांना वाटलं, खड्डा खणला, निळ्या टाइल लावल्या, पाणी सोडलं की झालं. परवानगीच्या ऑफिसात गेले तर हातात दोन पानांचा हिंदी कागद पडला. त्यावर अकरा नियम. हौद विहिरीपासून आणि संडासाच्या टाकीपासून लांब हवा. खोलीचे आकडे काठावर रंगवलेले हवेत. तळाच्या भोकावर पक्की जाळी हवी, म्हणजे कुणाचे केस किंवा पाय ओढले जाणार नाहीत. पाणी रोज तपासून वहीत लिहायचं, औषध घातलेलं पाणी नालीत सोडायचं नाही, दोरी बांधलेली तरंगती रिंग हाताशी टांगून ठेवायची, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं हौद भरायचा नाही. असं बरंच काही. कागद वाचून तेजरामभाऊ वैतागले.

"आंघोळ कराची हाये का मॅट्रिकची परीक्षा द्याची हाये?" ते म्हणाले.

त्या कागदावरचा चौथा नियम म्हणजे मी. हौदाला चारही बाजूंनी जाळी हवी, जाळीला एकच फाटक हवं, ते हौदाच्या उलट्या बाजूला उघडायला हवं, आपोआप बंद व्हायला हवं आणि त्याची कडी लहान मुलाच्या हाताला लागता कामा नये. माझी जन्मपत्रिका एवढीच आहे. पण मला तिचा फार गर्व होता. घराच्या मोठ्या फाटकावर पितळेची कमळं होती, नावाची पाटी होती. तरी त्याच्यावर कुठल्या कागदात एक ओळ लिहिलेली नव्हती.

मला बैहर रोडवरच्या वसंता वेल्डरनं बनवलं. खिडक्यांच्या जाळ्या आणि दुकानांची शटरं करण्यात त्याचा हातखंडा, पण आपोआप बंद होणारं फाटक त्यानं कधी केलं नव्हतं. त्यानं कागद दोनदा वाचला आणि हसला.

"म्हणजे फाटकाले अक्कल बसवाची हाये," तो म्हणाला.

त्यानं माझ्या बिजागरीत जाड स्प्रिंग बसवली. गज इतके जवळ लावले की मधून लहान मुलाचं डोकं जाऊ नये. पण कडी मात्र त्यानं सवयीनं कमरेच्या उंचीवर लावली, आणि तिथेच माझी पहिली फजिती झाली. तपासणीला ऑफिसातून प्रियंका मॅडम आल्या. नव्यानंच नोकरीला लागलेल्या, बारीक अंगाच्या, कुणाचा चहा न घेणाऱ्या. त्यांनी पट्टी लावून कडीची उंची मोजली आणि मान हलवली.

"यहां तो तीन साल के बच्चे का हाथ पहुंच जाएगा. नहीं चलेगा."

तेजरामभाऊंनी खूप समजावलं. घरात लहान मूलच नाही, मुलगी सासरी गेली, मुलगा कॉलेजात आहे, असं सगळं सांगितलं. मॅडम ऐकून घेत होत्या आणि कागदावर "नापास" लिहीत होत्या. आठ दिवसांनी वसंतानं कडी वर नेली. मॅडम पुन्हा आल्या. त्यांनी मला चार बोटं उघडलं आणि सोडून दिलं. मी बंद झालो. अर्धं उघडलं, सोडलं. बंद झालो. पूर्ण उघडलं, हात काढून घेतला आणि त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी सावकाश आलो आणि माझी कडी खटकन बसली. त्यांनी कागदावर सही केली. माझ्या आयुष्यात माझं कौतुक कुणी केलं असेल तर ते त्या एका सहीनं.

पुढे पाच-सहा वर्षं माझी नोकरी सुखात चालली. सुखाचं कारण होतं डोमाजी. हौदाची देखभाल करायला तेजरामभाऊंनी त्यांना ठेवलं होतं. डोमाजी किरनापुरकडचे. तरुणपणी त्यांनी धानाच्या शेतांना पाणी सोडणाऱ्या नहराची फाटकं सांभाळली होती, त्यामुळे पाणी आणि फाटक या दोन्ही गोष्टींची त्यांना जाण होती. रोज सकाळी ते छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत आणि रंग बघून वहीत लिहीत. कडुलिंबाची पानं जाळीनं काढत. दर शनिवारी राइस मिलमधून आणलेलं तेल माझ्या बिजागरीत घालत, मला तीनदा उघडून सोडत आणि वहीत लिहीत, "फाटक बरोबर." ओळखीचं कुणी रस्त्यानं गेलं की मोठ्यानं "जय भीम" म्हणत आणि परत कामाला लागत. माझ्याशीही बोलत.

"तू हायेस तं मी घरी जाऊन दोन घास खातो," ते एकदा मला म्हणाले. "नाही तं मले इथंच बसा लागलं असतं."

बाकी घराला मात्र मी आवडत नव्हतो. तेजरामभाऊंचा मुलगा राहुल दोन्ही हातांत ताटं घेऊन आत जायचा आणि मी त्याच्या पाठीवर आपटायचो. तो मला लाथ मारायचा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, तशी माझी सवय. लाथ खाऊन मी परत बंद व्हायचो. सगळ्यात जास्त राग होता शेवंताआजींना, म्हणजे तेजरामभाऊंच्या आईला. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. माणूस दारातून गेल्याबरोबर त्याच्या मागे दार लावणं हा पाहुण्याचा अपमान, असं त्या मानत. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत दार उघडं ठेवायचं, ही त्यांच्या माहेरची, भंडाऱ्याकडची रीत.

"पाहुणा वळून पाहते, अन् हे आपलं धाडकन बंद," त्या म्हणायच्या. "त्याले काय वाटत असन?"

मी त्यांच्यावर रागावत नव्हतो. त्यांच्या घरात माणसांचा राबता होता. कुणी उपाशी जाऊ नये, कुणाचं मन दुखू नये, एवढ्यासाठी त्या बाईनं जन्मभर चुलीपुढे हात भाजले होते. त्यांना माझं काम कुणी नीट समजावूनही सांगितलं नव्हतं.

आता पुनीबद्दल सांगतो. तेजरामभाऊंची मुलगी मयुरी गोंदियाला दिली होती. तिची मुलगी पौर्णिमा, सगळे तिला पुनी म्हणत. उन्हाळ्यात आणि दिवाळीत ती आजोळी यायची. दोन वर्षांची असताना ती माझे गज धरून उभी राहायची आणि आत निळं पाणी बघायची. डोमाजी आत-बाहेर करत, तेव्हा ती माझ्या कडीच्या आवाजाची वाट बघत थांबायची. खटकन आवाज झाला की टाळ्या वाजवायची. मला उघडायचा तिनं खूप प्रयत्न केला. दोन हातांनी ओढायची, गजांना गाल लावून "खुल जा, खुल जा" म्हणायची. मी काही उघडत नसे. मग ती रुसून माझ्याकडे पाठ करून बसायची आणि थोड्या वेळानं परत यायची. मित्रांनो, कुणाला खूश न करता त्याच्यावर माया करता येते, हे मला तेव्हा कळलं.

राहुलचं लग्न ठरलं या वर्षीच्या मे महिन्यात. मुलगी लांजीकडची. अंगणात मांडव पडला. मांडवाची पहिली मेढ रोवली, तिला हळदीत भिजवलेला कापडाचा तुकडा, सुपारी आणि हळकुंड बांधलं. मयुरी आणि पुनी पंधरा दिवस आधीच आल्या होत्या. पुनी आता तीन वर्षांची झाली होती.

टिळ्याच्या दिवशी राहुलला टिळा लावायला नवरीकडची माणसं आली. उकाडा फार होता म्हणून तेजरामभाऊंनी व्याह्यांचं सरबत-पाणी हौदाच्या काठावर ठेवलं. खुर्च्या मांडल्या, पंखे लावले. नवरीचे वडील प्रेमलालजी पांढरंशुभ्र धोतर नेसून, हातात सरबताचा पेला घेऊन माझ्यातून आत जायला निघाले. ते उंबऱ्यावरच कुणाशी तरी बोलायला थांबले. मला थांबता येत नाही. मी आलो आणि त्यांच्या कोपराला लागलो. गुलाबाचं सरबत धोतरावर सांडलं.

प्रेमलालजी धोतराकडे बघत राहिले आणि मग तेजरामभाऊंकडे वळले.

"आमच्या अंगावर फाटक लावून राह्यले काय, व्याही?"

तेजरामभाऊंचा चेहरा पडला. मुलाचा बाप असून ते हात जोडून उभे राहिले. दुसरं धोतर आणलं, पुन्हा पुन्हा माफी मागितली. प्रेमलालजी शेवटी हसले, पण ओठांनीच. तेजरामभाऊंनी तिथल्या तिथे मला मागे ढकललं, जाळीच्या खांबाला टेकवलं आणि दोरी मागितली. दोरी कुणाला सापडेना. तेव्हा शेवंताआजी पुढे आल्या. मेढीसाठी आणलेल्या हळदीच्या कापडाचा उरलेला तुकडा त्यांच्या हातात होता. त्यांनी त्यात सुपारी गुंडाळली आणि मला खांबाशी घट्ट बांधलं.

"आता हे बी मांडवाचं झालं," त्या म्हणाल्या. "याले आता कोणाच्या मागं लागाचं नाही."

सगळ्यांना ते आवडलं. बायांनी माझ्यावर कुंकू लावलं, कुणीतरी आंब्याची डहाळी खोवली. सात वर्षांत माझा असा थाट कधी झाला नव्हता. आणि त्या थाटात मी उघडा होतो.

टिळ्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नवरी घरी आली. पाहुणे पांगू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी हौद साफ करायला आले, त्यांनी मला बघितलं आणि गाठ सोडली. मी खटकन बंद झालो. मला जो मोकळा श्वास मिळाला, तो पुरता घेण्याआधीच शेवंताआजींनी ओसरीवरून पाहिलं. त्या तरातरा आल्या.

"काहून सोडली गाठ?"

"आई, घरात लेकरं हायेत. पाणी साडेपाच फूट हाये," डोमाजी म्हणाले. "पाहुणे गेले, आता बंद ठेवू."

"मांडवाची गाठ हाये ते. मांडव उठल्याबिगर सोडाची नसते. नवरानवरीले दोष लागते." आणि मग आजी जे बोलल्या ते चारचौघांत बोलल्या. नवी नवरी होती, मयुरी होती, भांडी घासणाऱ्या बाया होत्या. "तुमच्यात नसन हे सारं. आमच्यात असते. तुम्ही आपलं पाणी पाहा."

डोमाजींच्या हातात ते पिवळं कापड होतं. त्यांनी ते आजींच्या हातात दिलं. आजींनी मला पुन्हा मागे ओढून बांधलं, या वेळी दुहेरी गाठ मारून. मांडव नवव्या दिवशी उतरवायचा होता. डोमाजींनी पंपाच्या खोलीतून लाकडी स्टूल आणलं आणि माझ्या जागी, माझ्या उंबऱ्यात बसले.

चार दिवस ते तसे बसले. सकाळी सातला येत, दिवेलागणीला जात. जाताना एक रिकामी खाट आडवी लावून जात. पुनी आली की ते तिला पाय पसरून अडवत, आणि ती त्यांच्या गुडघ्यावर बसून दूर पाण्याकडे बोट दाखवायची. त्या चार दिवसांत त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. मी मागे वाकून खांबाला बांधलेला, माझी स्प्रिंग पार ताणलेली. घरची मुलं माझ्या गजांवर चढून झोके घेत होती. बिजागरीत काहीतरी कुरकुरायला लागलं होतं.

टिळ्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी तेजरामभाऊंनी डोमाजींना हाक मारली. किरनापुरच्या नातेवाइकांना लग्नाची बुंदी पोचवायची राहून गेली होती. डोमाजी त्याच भागातले, म्हणून त्यांना बसनं जायला सांगितलं.

"फाटकाकडे ध्यान ठेवजा, भाऊ," डोमाजी म्हणाले.

"हौ, हौ. आम्ही काय मेलो का घरात? जा तुम्ही."

मजुरांनी मांडवाच्या खुर्च्या मोजायला घेतल्या होत्या. त्यांनी खुर्च्यांबरोबर ती खाटही उचलून नेली. डोमाजी बुंदीचे डबे पिशवीत भरून निघाले, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबले. त्यांनी गाठीला हात लावला. बोटांनी तिचं टोक शोधलं. मी वाट बघत होतो. मग ओसरीवरून आजींच्या खाकरण्याचा आवाज आला आणि डोमाजींनी हात काढून घेतला. त्यांनी मान खाली घातली आणि ते गेले.

दुपारी जेवणं झाली. आठवडाभराची जागरणं अंगावर होती, घर कूलरच्या वाऱ्यात गाढ झोपलं. तीनच्या सुमारास पुनी एकटी बाहेर आली. तिच्या हातात भातुकलीतली एवढीशी कढई होती. तिला तिच्या खोट्या भातात घालायला पाणी हवं होतं. ती माझ्याजवळ आली. सवयीनं थांबली आणि वर कडीकडे बघितलं. मग तिला दिसलं की आज वाट मोकळी आहे, आणि ती हसली.

मित्रांनो, मी ओढलं. लोखंडात जेवढा जोर असतो तेवढा सगळा लावून ओढलं. स्प्रिंग करकरली, हळदीचं कापड ताणलं गेलं, पण दुहेरी गाठ धरून राहिली. ती माझ्या शेजारून गेली, तिचा फ्रॉक माझ्या गजाला घासला. काठावर रंगवलेल्या आकड्यापाशी ती बसली आणि कढई बुडवायला वाकली. फार मोठा आवाज झाला नाही. माझ्यासमोर, सहा हातांवर, नियमाप्रमाणे दोरी बांधलेली रिंग खिळ्याला टांगलेली होती. ती काढून फेकायला तिथे कुणी नव्हतं.

मयुरीला जाग आली, तिनं घरभर हाका मारल्या आणि मग ती इकडे धावत आली. तिची किंकाळी मी विसरत नाही. राहुलनं अंगातल्या कपड्यांनिशी उडी मारली. गाडी काढली, दवाखान्यात नेलं. पुनी परत आली नाही.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. गाडी गेल्यावर राहुलचा एक चुलतभाऊ विळा घेऊन आला आणि त्यानं माझी गाठ कापली. पोलीस येतील, ऑफिसवाले येतील, फाटक बांधलेलं दिसलं तर घरावर येईल, हे त्याच्या लक्षात आलं होतं. कापड त्यानं खिशात कोंबलं. सहा दिवसांनी मी सुटलो आणि बंद व्हायला निघालो. पण मी पोचलोच नाही. स्प्रिंग ताणून ताणून मेली होती, बिजागरी वाकली होती. कडीपासून चार बोटं अलीकडेच मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी प्रियंका मॅडम आल्या, बरोबर पोलीस जमादार. घर रडून रडून गप्प झालं होतं. मॅडमचे डोळेही लाल होते. त्यांनी मला उघडलं आणि सोडलं. मी चार बोटं अलीकडे थांबलो. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. त्यांनी तिसऱ्यांदा सोडलं, तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले, पण माझ्या देहानं तिसऱ्यांदाही तेच केलं.

"गेट खराब है," त्या म्हणाल्या. "देखभाल किसके जिम्मे थी?"

राहुलचा तो भाऊ लगेच म्हणाला, "डोमाजी के. तेल ही नहीं डालता था."

डोमाजी जाळीपाशी उभे होते. तेजरामभाऊ जमिनीकडे बघत होते. खरं त्यांना माहीत होतं, पण नात गेलेली, लेक आत बेशुद्ध पडलेली, त्यांच्या तोंडून शब्द निघेना. जमादारानं डोमाजींचं नाव, बापाचं नाव, गाव विचारलं आणि लिहिलं. डोमाजींनी सगळं सांगितलं. गाठीबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. मॅडमनी वही मागितली. तिच्यात दर शनिवारी "फाटक बरोबर" लिहिलेलं होतं, अगदी लग्नाच्या आदल्या शनिवारपर्यंत. म्हणजे आता डोमाजी निष्काळजीच नव्हते, खोटारडेही ठरत होते, आणि ते ठरवणारा साक्षीदार मी होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

मॅडम वही मिटून निघाल्या आणि माझ्यापाशी अडखळल्या. त्या वाकल्या. माझ्या मधल्या गजावर एका जागी रंग खरवडला होता आणि तिथे पिवळा डाग होता. त्यांनी बोट फिरवून वास घेतला.

"यहां क्या बंधा था?"

मांडवातला पंखा तेवढा फिरत होता. मग ओसरीवरून शेवंताआजी उठल्या. दोन बाया त्यांना धरायला गेल्या, त्यांचे हात त्यांनी झटकले. त्या चालत माझ्यापर्यंत आल्या आणि माझा गज धरून उभ्या राहिल्या.

"म्या बांधलतं," त्या म्हणाल्या. "हळदीच्या फडक्यानं. यानं सोडलं होतं, मीनंच परत बांधलं. याचं नाव काटा तुम्ही. माझं लिहा. शेवंताबाई लिहा."

तेजरामभाऊ ढसाढसा रडायला लागले. जमादारानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी त्याला खूण केली, आणि त्यानं डोमाजींचं नाव खोडून नव्यानं लिहायला घेतलं.

त्यापुढची कागदपत्रं कुठे गेली, कुणावर काय झालं, ते मला सांगता येणार नाही. फाटकाला तेवढं कळत नाही. तेजरामभाऊंनी हौद बुजवायचं ठरवलं. त्याचाही एक नियम असतो. पाणी नीट काढायचं, तळाला भोकं पाडायची, मग मुरूम भरायचा. मुरमाची ट्रॉली आली त्या दिवशी तेजरामभाऊंनी डोमाजींना बोलावणं पाठवलं. कामावर परत या, म्हणून विनवलं. डोमाजींनी नुसती नकाराची मान हलवली. ते परत निघाले तेव्हा शेवंताआजी माझ्याजवळ, त्याच लाकडी स्टुलावर बसलेल्या होत्या. महिन्याभरात त्यांचं अंग अर्धं झालं होतं.

"डोमाजी," त्या म्हणाल्या, "म्या तुमच्या समाजावर बोलली. चारचौघांत बोलली. माफ करा म्हणाले बी मले तोंड नाही."

ट्रॉलीतून मुरूम पडत होता, त्याचा आवाज थांबेपर्यंत डोमाजी उभे राहिले.

"आई, तुमच्या बोलण्याचं नाही दुःख," ते म्हणाले. "ते मी आधी बी ऐकलेलं हाये. त्या सकाळी मी इथं उभा होतो. गाठीले हात लावलता. सोडाले किती वेळ लागला असता? पण मले तुमचा राग आलता. मी मनात म्हणलं, जाऊ दे. त्यायचं फाटक, त्यायची गाठ, त्यायचं लेकरू." त्यांनी बुजत चाललेल्या हौदाकडे बघितलं. मग ते म्हणाले, "जे पोरगी चार दिवस माझ्या गुडघ्यावर बसली, तिले मी 'त्यायचं लेकरू' म्हणलं, आई."

आजींनी पदर तोंडाला लावला. डोमाजी गेले, ते पुन्हा कधी आले नाहीत.

मला उपटून वसंताच्या कारखान्यात आणून टाकलं. त्यानं मला अजून कापलेलं नाही. भिंतीला टेकवून ठेवलं आहे, पावसात गंजत. गावात आता आणखी दोन घरी हौद होत आहेत. परवा एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, स्प्रिंगचं फाटक तपासणीपुरतं बसव, मग काढून टाकू, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास होतो. वसंतानं त्याला माझ्याकडे बोट दाखवलं. गिऱ्हाईकाला काही कळलं नाही.

मित्रांनो, म्हणून तुम्हा मुलांना विनवतो. मोठ्यांना मी सांगून पाहिलं असतं, पण त्यांना पाहुणे असतात, मुहूर्त असतात, मानपान असतात. तुम्हाला कुठे उघडं बांधलेलं फाटक दिसलं, झाकण काढलेली टाकी दिसली, तर आधी ती बंद करा आणि मग घरात सांगा. कदाचित तुम्हाला कुणी रागावेल. तुला काय कळतं, म्हणेल. तुमच्यात नसेल, असंही म्हणेल, आणि ते फार लागेल. तुमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा उघडून बांधतील. तेव्हा रुसून बाजूला होऊ नका. राग मनात असू द्या, तो काही वाईट नसतो, पण हात पुढे करा आणि गाठ दुसऱ्यांदा सोडा.

पुनीसाठी पहिल्यांदा गाठ सोडणारा माणूस होता. दुसऱ्यांदा सोडणारं कुणी नव्हतं.